बेटर लाइफ इंडेक्स: फुलं देखणी, पण मुळांचं काय?

ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेचं, देशांमधल्या जीवनमानाची तुलना करणारं हे ऑनलाइन साधन २०११पासून आहे. घर, उत्पन्न, रोजगार, आरोग्य, पर्यावरण असे ११ विषय. चित्रात प्रत्येक देश म्हणजे एक फूल आणि प्रत्येक विषय म्हणजे त्याची एक पाकळी. प्रत्येक विषयाला ० ते ५ वजन, म्हणजे महत्त्व, द्यायचं, की देशांची फुलं वरखाली सरकतात. पाकळीची लांबी म्हणजे गुण, रुंदी म्हणजे तुम्ही दिलेलं वजन. जीडीपीच्या एकाच आकड्यापेक्षा हे केव्हाही बरं.

गडबड गणितात आहे. प्रत्येक निर्देशकातल्या (विषय मोजायच्या आकड्यातल्या) सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मूल्यांमधलं अंतर ताणून एकाच पट्टीवर बसवलं जातं. त्यामुळे देशांमधला फरक मुळात किरकोळ असला तरी चित्रात दरी दिसते. शिवाय शेवटी सरासरी, म्हणजे भरघोस उत्पन्न खराब हवा झाकून टाकतं! पर्यावरणाखाली पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) आणि पाण्याबद्दलचं समाधान एवढंच. कार्बन उत्सर्जन किंवा जंगलांचा ऱ्हास नाही. म्हणून 'शाश्वत' धोरणासाठी हे पुरेसं नाही.

वापरताना आधी सगळी वजनं सारखी ठेवा, मग एकेक बदलून क्रम किती हलतो ते पाहा. फार हलला तर त्या क्रमावरून अर्थसंकल्पातली तरतूद ठरवू नका. विषमतेसाठी स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे उघडा, मुख्य फुलात ती दिसत नाही. अभ्यासवर्गासाठी उत्तम, मंत्रालयासाठी अपुरं. पाचपैकी तीन.