दादर वेस्टचं एक्सरे सेंटर, आईच्या गुडघ्यासाठी गेलो होतो

आईला पार्शल नी रिप्लेसमेंट सांगितलंय, म्हणजे गुडघ्याची आतल्या बाजूची गादी पार गेलीय पण बाहेरची शाबूत असेल तरच अर्धा बदलता येतो, नाहीतर पूर्ण. ते बघायलाच डॉक्टरांनी एक्सरे लिहून दिले होते. आधी घराजवळ एका ठिकाणी गेलो, चिठ्ठीवर स्टँडिंग लिहिलेलं असून तिथल्या माणसाने आईला टेबलवर झोपवूनच काढले. डॉक्टर म्हणाले परत काढा. गादी एक्सरेत दिसत नाही हो, दिसते ती दोन हाडांमधली फट, आणि झोपल्यावर वजनच पडत नाही मग गादी गेलेली असली तरी फट शाबूत वाटते. पैशाचं एक वेळ सोडा, पण आईला तीन जिने परत उतरायला लावले याचा फार राग आला.

मग दादरला आलो. इथल्या टेक्निशियन ताईंना मनापासून पाच स्टार. आधी अख्खी चिठ्ठी वाचली, मग आईला दांडी धरून उभं केलं, "मावशी दोन्ही पायांवर सारखं वजन टाका, घाई नाहीये." एक सरळ उभ्याने, एक गुडघे ४५ डिग्री वाकवून उभ्यानेच (मागच्या भागातली झीज ह्यात कळते), एक बाजूने आणि एक वाटीचा, त्याला स्कायलाइन म्हणतात. सगळ्यात महत्त्वाचा स्ट्रेस व्ह्यू. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि रेडिओलॉजिस्ट स्वतः शिशाचा एप्रन घालून आले, एका हाताने गुडघा धरला आणि दुसऱ्याने पाऊल बाहेरच्या बाजूला दाबून ठेवलं. आई कळवळली, पण "दुखलं की सांगा, लगेच सोडतो" हे त्यांनी आधीच सांगितलेलं. एवढा दाब देऊनही बाहेरची फट तशीच राहिली, म्हणजे तिकडची गादी चांगली, आणि आतली उघडली म्हणजे वाकलेला पाय सरळ होतोय. फिल्म लाइटवर लावून मला बोटाने दाखवलं त्यांनी, एवढं कोण सांगतं!

एमआरआय कोणी गळ्यात मारला नाही हेही आवडलं. आमचे डॉक्टरही म्हणाले की एक्सरेवर स्पष्ट दिसत असेल तर गरज नाही, एमआरआयमध्ये ह्या वयात बारीकसारीक इतकं दिसतं की पार्शल होण्यासारखा गुडघाही उगाच बाद ठरतो, शंका असेल तेव्हा मात्र करावा.

एक स्टार कापला तो वेटिंगसाठी. अपॉइंटमेंट असून सव्वा तास बसलो आणि खुर्च्या एवढ्या बुटक्या की गुडघेवाल्या माणसाला उठताना दोघांनी धरावं लागतं. त्या तेवढ्या बदलाच प्लीज.