बोकडांना कडब्याऐवजी तुरीचे कुटार : मळणीपासून ईदपर्यंतचा अनुभव

विदर्भात ज्वारीचा पेरा घटल्यापासून चांगला कडबा मिळणे अवघड झाले आहे, आणि दुसरीकडे तूर, हरभरा व सोयाबीनचे कुटार, म्हणजे दाणे काढल्यावर उरणारा काड्या, पाला व टरफलांचा भुसा, मळणीनंतर बांधावर पेटवून दिले जाते, हे पाहून मनापासून वाईट वाटते. म्हणून यंदा तुरीच्या मळणीनंतर बंदिस्त गोठ्यातील बोकडांचा कडबा हळूहळू कमी करत, दोन आठवड्यांत त्यांना पूर्णपणे कुटारावर आणले आणि बकरी ईदपर्यंत त्यावरच ठेवले.

वजनासाठी मक्याचा भरडा वाढवला की कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला, मोठा कप्पा) आम्ल झपाट्याने तयार होते. रवंथ करताना सुटणाऱ्या लाळेतील बायकार्बोनेट ते आवरते. मात्र त्यासाठी चाऱ्यात चावावे लागेल असे काही हवे. कोठीपोटाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला, की बोकड खाणे टाकतो आणि लेंड्या पातळ होतात. तुरीच्या कुटारावर असे झाले नाही. दुपारी बसलेल्या बोकडांपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करताना दिसत, आणि माझ्या मते चारा मानवल्याची हीच सर्वांत विश्वासार्ह खूण आहे. त्यातील पाला आणि शेंगांची टरफले ते आधी वेचून खातात. जाड काड्या गव्हाणीत उरतात, त्या रोज काढाव्या लागतात. प्रथिने कडब्याहून जास्त असल्याने पेंडही थोडी कमी लागली. शिवाय मक्याच्या दाण्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त व कॅल्शियम फार कमी असते, त्यामुळे नर बोकडांत मूतखड्याचा धोका वाढतो. द्विदल पिकांच्या कुटारातील कॅल्शियमचा तेथे आधार होतो, तरी खनिज मिश्रण आणि मुबलक पाणी टाळता येत नाही.

हरभऱ्याचे कुटार त्याच्या खारट-आंबट चवीमुळे बोकड आवडीने खातात. सोयाबीनचे मात्र एकट्याने देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते धुळकट आणि टोचरे असते, बोकड हुंगून मान वळवतात; गुळाचे व मिठाचे पाणी शिंपडून, तुरीच्या कुटारात मिसळले तरच ते संपते.

विकत घेताना ढिगाच्या आतली मूठभर काढून वास घ्यावा. पावसात भिजलेल्या कुटाराला कुबट वास येतो, आत पांढरी बुरशी दिसते. असा माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण वरून उन्हात वाळवल्याने बुरशीचे विष जात नाही.