गालिच्यावरचे दोन तपकिरी थेंब

पक्षाघातानंतर आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, आठ महिने हॉलमधल्या पलंगावर होते. कितीही जपलं तरी लघवीचं भांडं कधीतरी कलंडायचंच, आणि खाली नायलॉनचा गालिचा. मार्चमध्ये अण्णा गेले. वासामुळे हॉलमध्ये बसवत नव्हतं, पण गालिचा टाकून द्यायलाही मन होईना.

एप्रिलच्या भर उन्हात दोन पोरं मशीन घेऊन दारात आली. गळ्यात ओळखपत्रं. "ताई, आधी बघा, पैसे मग द्या." एकाने गालिच्याच्या कोपऱ्यावर तपकिरी औषधाचे दोन थेंब टाकले. चांगला गडद डाग पडला. त्यावर आपल्या बाटलीतलं पाणी फवारलं, आणि फडकं लावायच्या आधीच डाग डोळ्यांदेखत गायब! मी तिथेच फसले. दोन बाटल्या आणि मशीनची धुलाई मिळून ४,२०० रुपये दिले. चिठ्ठीवर ना शिक्का, ना पत्ता.

जळगावच्या उन्हात गालिचा संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळला. गुलाबाचा वास येत होता. मला खरंच वाटलं, काम झालं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली आणि त्याच रात्री तो वास परत आला, आधीपेक्षा उग्र. पोरांचा फोन बंद.

लघवीतल्या युरिक ॲसिडचे खडे साध्या पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत. धाग्यांच्या मुळाशी बसून राहतात आणि ओल लागली की पुन्हा वास सोडतात. यांनी तर वरून पाणी मारून घाण आणखी खाली मुरवली.

थेंबांची चलाखी बारावी सायन्सला असलेल्या भाचीने उलगडून दाखवली. वाटीभर पाण्यात जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध टाकलं, वर व्हिटॅमिन सीची गोळी चुरून घातली. तपकिरी पाणी बघता बघता नितळ झालं. म्हणजे डागही त्यांचाच आणि उताराही त्यांचाच. हळद, तेल किंवा लघवीवर त्याचा काडीचाही उपयोग नाही.

शेजारच्या मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "हाव बो, माझ्याकडून बी दोन हजार नेले. लाजेपायी कोणाले सांगितलं नाही." हे ऐकून मला फार वाईट वाटलं, म्हणूनच हे लिहितेय. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, तुम्हीही करा.

शेवटी दुकानातून एन्झाइमवालं, म्हणजे लघवीतली वास सोडणारी घाण मुळातून फोडणारं, क्लीनर आणलं. आधी कोपऱ्यावर लावून रंग जात नाही ना ते पाहिलं, मग डाग मुळापर्यंत भिजेल इतकं ओतून लेबलवर दिलेला वेळ तसंच राहू दिलं. घासलं नाही, जुन्या पंच्याने टिपून घेतलं. दोनदा करावं लागलं. ब्लीच मात्र लघवीच्या डागावर ओतू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

ती पोरं आता भुसावळकडे फिरताहेत असं कळलंय. दारात आली तर त्यांना ती तपकिरी बाटली उघडूच देऊ नका. तुमच्या घरातला भाजीच्या रश्श्याचा जुना डाग दाखवा आणि त्यावर फवारायला सांगा.