मिस स्मिलाज फीलिंग फॉर स्नो : 'शहर' जबरदस्त, 'समुद्र' ठीकठाक, 'बर्फ' मात्र...

नॉर्डिक क्राइम, म्हणजे डेन्मार्क-स्वीडनकडच्या गुन्हेकथा, म्हटलं की घटस्फोट झालेला, तब्येतीची वाट लावून घेतलेला, रात्री एकटाच पीत बसणारा इन्स्पेक्टर, हे आता इतकं पाठ झालंय की एका पुस्तकातला माणूस मी दुसऱ्या पुस्तकात घालून ठेवते आणि मग वाद घालते. त्यामुळे ज्यात मुख्य माणूस पोलीसच नाही असं काहीतरी हवं होतं, तर हे सापडलं. पीटर हॉयचं, मूळ डॅनिश, १९९२ चं, पुढच्याच वर्षी याला ग्लास की मिळाली, म्हणजे नॉर्डिक क्राइमवाल्यांचं मानाचं बक्षीस. मी इंग्रजीतून वाचलं.

लेखकाचं नाव मी आयुष्यभर 'होएग' म्हणत आले. कोपनहेगनला वाढणारी माझी भाची फोनवर फिस्सकन हसली, म्हणे मावशी ते आपल्या 'होय'सारखं आहे, फक्त ओठांचा चंबू करून म्हण. ही भाची पुढे परत येणार आहे.

तर गोष्ट. कोपनहेगनमधल्या ख्रिस्तियान्सहाउन भागात एक लहान ग्रीनलंडी मुलगा, इसाया, गोदामाच्या छपरावरून पडून मरतो. पोलीस म्हणतात खेळता खेळता पडला, विषय संपला. त्या मुलाच्याच बिल्डिंगमध्ये राहणारी स्मिला छपरावर जाते, बर्फातली त्याची पावलं बघते आणि तिला कळतं की हे पोरगं खेळत नव्हतं, कारण एक तर त्याला उंचीची जाम भीती वाटायची आणि दुसरं म्हणजे ती पावलं तसं सांगत नाहीत. बास, एवढ्यावर पुस्तक उभं आहे. ना डीएनए ना सीसीटीव्ही, एका बाईला बर्फ वाचता येतो.

आणि तो वाचता का येतो, तर तिची आई ग्रीनलंडची, शिकारी. बाप डॅनिश डॉक्टर, पैसेवाला. आई गेल्यावर पोरीला डेन्मार्कला आणलं, आणि तिथे ती वारंवार पळून जात राहिली. पहिल्याच पानावर ती पडणाऱ्या बर्फासाठी 'कानिक' हा शब्द वापरते आणि वर म्हणते की ज्या भाषेतला हा शब्द आहे ती आता माझी राहिलेली नाही. मी तिथेच थांबले आणि ताईला फोन केला. कारण भाचीचं अगदी हेच चालतं. ताई मराठीत बोलते, पोरगी डॅनिशमध्ये उत्तर देते, दोघींना सगळं कळतं, आणि मला वाटतं ही नुसती टेनिसची मॅच आहे, एकीची रॅकेट वेगळी दुसरीची वेगळी. कोणी विचारलं की मराठी येतं का, तर ती म्हणते "कळतं". 'येतं' कधीच म्हणत नाही.

स्मिलाचं पण 'कळतं'च आहे. बोलायला कोणी उरलं नाही, शब्द गंजलेत, पण छपरावर उभी राहिली की आईने शिकवलेलं सगळं जागच्या जागी असतं. हॉयने ही गोष्ट रडगाणं न करता चक्क तपासाचं हत्यार करून टाकली, आणि मला पुस्तकात सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. (बर्फाला एस्किमोंकडे शंभर शब्द असतात वगैरे फॉरवर्ड मात्र विसरा. ग्रीनलंडी भाषेत शब्दाला शेपट्या जोडत जोडत अख्खं वाक्य एका शब्दात बसतं, त्यामुळे शब्द मोजण्यात काही अर्थच नाही. आपल्याकडे उलटा घोटाळा, पडतो तोही बर्फ आणि गोठतो तोही बर्फ.)

स्मिलाच्या डेन्मार्कवरच्या रागामागे खरा इतिहास आहे, तो माहीत असेल तर पुस्तक जास्त टोचतं. १९५१ मध्ये, ग्रीनलंड डेन्मार्कच्या ताब्यात असताना, डेन्मार्कने २२ ग्रीनलंडी मुलं 'चांगले डॅनिश' बनवायला उचलून नेली. त्यातली बहुतेक परत आली तेव्हा त्यांना घरी नाही, अनाथाश्रमात ठेवलं, बोलायचं ते डॅनिशच, आणि स्वतःच्या आयांशी बोलता येईना. सरकारची माफी आली २०२० मध्ये. २००९ पासून ग्रीनलंडमध्ये ग्रीनलंडी हीच एकमेव अधिकृत भाषा आहे, पण हे पुस्तक त्याच्या बरंच आधीचं.

भाषांतराबद्दल. अमेरिकन आवृत्ती टीना नननलीच्या नावावर आहे, नाव 'स्मिलाज सेन्स ऑफ स्नो'. ब्रिटिश आवृत्तीत लेखक आणि प्रकाशकाने तिच्या कामात एवढे बदल केले की तिने स्वतःचं नावच काढून घेतलं, तिथे 'एफ. डेव्हिड' असं टोपणनाव दिसतं. मूळ डॅनिश नावातला शब्द 'फोरनेमेल्स'. सेन्स की फीलिंग म्हणून भाचीला विचारलं तर म्हणाली, "तू फोन करणार असं मला वाटत होतं ना सकाळपासून, ते फोरनेमेल्स." म्हणजे चाहूल! 'बर्फाची चाहूल'. इंग्रजीतल्या दोन्हीपेक्षा हे बरं नाही का? अजून एक, डॅनिशमध्ये आईची बहीण 'मोस्टर' आणि बापाची बहीण 'फास्टर', म्हणजे आपली मावशी आणि आत्या सरळसरळ वेगळ्या. मधल्या इंग्रजीत आलं की दोघी 'आंट'. दोन घरांतली भिंत एकच आणि आपण मात्र तिसऱ्याच गल्लीतून वळसा घालून जातोय असं झालं मला.

आता तक्रारी. पुस्तकाचे तीन भाग आहेत, शहर, समुद्र, बर्फ. 'शहर' खतरनाक आहे, स्मिला त्या पोराला युक्लिडची भूमिती वाचून दाखवते ते प्रसंग तर मी दोनदा वाचले. 'समुद्र'मध्ये ती बोटीवर जाते आणि इतकी मारामारी, इतके जिने, इतके दरवाजे की नकाशा काढायला लागेल. 'बर्फ'मध्ये वेगळंच काहीतरी विज्ञानबिज्ञान निघतं, सांगत नाही, पण पोराच्या पावलांवरून सुरू झालेली गोष्ट इथे येऊन थांबावी हे मला पटलं नाही. शिवाय मी घेतलेल्या ई-बुकमध्ये आडवी रेघ मारलेला तो डॅनिश ओ जिथे तिथे चौकोन झालाय, त्यामुळे अर्ध्या लोकांची नावं मला शेवटपर्यंत कळली नाहीत, कागदी प्रत मिळाली तर तीच घ्या.

पाचपैकी साडेतीन. नुसत्या 'शहर'ला पाच.

भाचीला म्हटलं तू मूळ डॅनिशच वाच, तर म्हणे आधी तू मराठीत सांग, मग बघते. सांगितली, बोट सुटेपर्यंत. "आणि मग?" म्हणाली. म्हटलं मग काही नाही, बोट लागते.