मुरूड ते जयगड, चार फेरीबोटी: दोघांच्या सहलीला कितपत जमतं?

मुंबई-गोवा महामार्ग सोडून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरायचं, तर जंजिऱ्याजवळच्या मुरूडपासून जयगडपर्यंत चार खाड्या बोटीतून ओलांडाव्या लागतात. आगरदांडा ते दिघी ही राजपुरीची खाडी, बागमांडला ते वेसवी ही सावित्रीची, दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची आणि तवसाळ ते जयगड ही शास्त्रीची. गुण द्यायचे तर बोटींना दहापैकी आठ, रस्त्याला सहा आणि दिशादर्शक पाट्यांना दोन. तेही दोन कारण देवळांच्या पाट्या बऱ्यापैकी असतात.

बोट चुकवायची तर प्रत्येक खाडीला पूल गाठेपर्यंत आत वळसा घालावा लागतो. सावित्रीला आंबेत-म्हाप्रळकडून आणि वाशिष्ठीला खेड-चिपळूणकडून गेलं की अर्धा दिवस त्यातच जातो. म्हणून बोटच बरी. पाण्यातला प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा, पण वाट पाहणं कधीकधी पाऊण तासाचं. मोबाइलवरचा नकाशा ही वाट पाहणं धरतच नाही. त्याने सांगितलेल्या वेळेत प्रत्येक खाडीचा एक तास वाढवायचा आणि रस्त्याचा वेग ताशी पंचवीस-तीसच्या वर धरायचा नाही. हरिहरेश्वर ते गुहागर अंतर कागदावर किरकोळ दिसतं. मध्ये दोन बोटी आहेत, शिवाय केळशी-आंजर्ले-हर्णैचे चढउतार. दिवस मोडतोच. एका दिवशी दोन बोटींच्या वर धरू नका, नाहीतर तिसऱ्या जेट्टीवर पोचेपर्यंत दोघांत बोलणं बंद झालेलं असतं.

खरी परीक्षा बोटीवर गाडी चढवण्याची. जेट्टीचा उतार पाण्यात जातो तिथे शेवाळ असतं आणि बोटीचा रॅम्प त्यावर टेकतो. भरतीला उतार थोडासाच उघडा असतो, गाडी सहज जाते. ओहोटीला तोच उतार लांब, तीव्र आणि बुळबुळीत होतो. रॅम्प आणि काँक्रीट यांच्या सांध्यावर कोन होतो आणि कमी उंचीच्या सेडानचा पुढचा बंपर किंवा पोट तिथे घासतं. हॅचबॅकला सहसा त्रास नाही. डिकी खच्चून भरली असेल तर मात्र गाडी मागून बसते आणि सायलेन्सर टेकतो. जड बॅगा मागच्या सीटवर घ्या. सांध्यावर सरळ न जाता किंचित तिरकं, पहिल्या गिअरमध्ये, मध्ये क्लच न दाबता जा. काही फेऱ्यांना गाडी उलटी चढवावी लागते. खलाशी हाताने खुणा करतो, त्याच्याकडेच बघायचं. शेजारच्या सीटवरून येणाऱ्या सूचना तेवढा वेळ बंद. तिकीट आधी, खाली उतरून काढलेलं बरं. गाडीचं आकारानुसार, माणसांचं वेगळं. चढल्यावर हँडब्रेक, पहिला गिअर, आरसे मिटवायचे. दोन गाड्यांमध्ये दार उघडण्याइतकी जागा क्वचितच राहते, तेव्हा ज्याला वर रेलिंगला उभं राहायचंय त्याने आधीच उतरून चालत बोटीवर यावं.

ओहोटी कधी, हे कॅलेंडरवरच्या तिथीवरून काढता येतं. तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दुपारी-पहाटे दोन्हीकडे तोच आकडा. त्यापासून सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत ठरवायला पुरतं. यातून एक उपयोगी गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं, आणि ही मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. म्हणजे पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी सूर्यास्ताची बोट पकडायला जाल, तर फोटो छान येतील आणि बंपर घासेल. खाडीत गाळ असल्याने अशा वेळी बोट जेट्टीला नीट लागत नाही, फेरी उशिरा सुटते. त्या दिवसांत दुपारी बाराची वेळ धरा. भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं-उतरतं, तेव्हा फार विचार करायची गरज नाही. पावसाळ्यात जोराचा वारा असेल तर फेऱ्या थांबतात. घाट उतरून जेट्टीवर जाण्याआधी फोन करून विचारलेलं बरं.

रस्त्याचा सर्वांत देखणा तुकडा दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडी-आरवीकडून. इथे समुद्र अक्षरशः रस्त्याला लागून आहे. पण दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे चालकाच्या बाजूला येतो. ज्याने पुढचं वळण बघायचं त्यालाच समुद्र, आणि शेजारी बसलेल्याला डोंगराची कड. दोघांपैकी एकालाच गाडी येत असेल तर उलटा बेत करा: जाताना महामार्गाने खाली जा आणि येताना जयगडकडून किनाऱ्याने वर या. समुद्र डावीकडे येतो, गाडीही पाण्याच्या कडेने चालते आणि थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. दुपारनंतर समुद्राच्या बाजूच्या खिडकीवर ऊन येतं, तिथे जाळीचा पडदा हवाच.

नकाशाचा दुसरा घोळ नावांचा. मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याजवळचं आणि एक दापोलीजवळचं. वेळासही दोन, एक श्रीवर्धन तालुक्यात आणि कासवांचं ते मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या शेजारी. खोली आरक्षित करताना तालुका वाचा. चुकलात तर मध्ये अख्खी सावित्री येते. शिवाय नकाशा जवळचा रस्ता म्हणून वाडीतली पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, दाखवतो. जांभ्याच्या गडग्यांमध्ये, म्हणजे दगडी कुंपणांमध्ये, गाडी शिरते, वळत नाही, आणि पुढे पायऱ्या लागतात. एसटी जाते तो रस्ता धरा, हा साधा नियम. समोरून एसटी आली तर मागे तुम्हीच जायचं आहे, वाद घालू नका. साइडपट्टी बऱ्याच ठिकाणी खचलेली असते. डावं चाक खाली उतरवण्याआधी खाली किती खोल आहे ते बघा. घरून निघण्यापूर्वीच स्टेपनीतली हवा तपासा. पंक्चरवाला मोठ्या गावातच भेटतो.

पेट्रोल दापोलीत आणि गुहागरजवळच्या शृंगारतळीला भरून घ्या. मधल्या किनाऱ्यावर पंप शोधत फिरण्यात अर्थ नाही. जेट्टीवर आणि खाडीकाठी मोबाइलची रेंज जाते, मग क्यूआर कोड असून उपयोग नाही. पन्नास-शंभरच्या नोटा जवळ हव्यात.

राहायला घरगुती सोय हॉटेलपेक्षा बरी, पण तिची शिस्त पाळावी लागते. जेवण सांगितल्यावरच मासे आणले जातात. रात्री आठला पोचून सुरमई मागितली तर पिठलं-भात मिळेल, तोही आनंदाने खावा असाच असतो. दुपारी बाराच्या आत फोन करा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. दिवेआगर, केळशी, गुहागरला बऱ्याच घरांत फक्त शाकाहारी जेवण असतं, आधी विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळात ताज्या पापलेटची खात्री कोणी दिली तर फार विश्वास ठेवू नये. दोघांचीही ओळखपत्रं मागतात. काही ठिकाणी लग्न झालंय का असंही विचारतात. ते आवडो न आवडो, आरक्षण करतानाच बोलून घेतलं तर दारात उभं राहून खुलासे करावे लागत नाहीत.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी घालू नका, कोणी कितीही घालताना दिसले तरी. ओहोटीची ओली वाळू वरून घट्ट वाटते, खाली भुसभुशीत असते. चाक फिरवाल तितकं रुततं, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत भरती थांबत नाही. परतल्यावर गाडी धुवायला देताना खालून पाणी मारायला वेगळं सांगा. बोटीच्या डेकवरचं खारं पाणी चाकांनी उडून थेट पोटाला लागलेलं असतं, आणि नुसत्या वरच्या धुण्याने ते जात नाही.