कुटुंब-तपासणीचं ॲप: वर्षभर वापरल्यावर तीन स्टार, तेही कुरकुरत

आरोग्य खात्यातल्या ज्यांच्या टॅबमध्ये हे ॲप आलंय त्यांना फीचर्स सांगत बसत नाही. एनसीडी पोर्टल (बीपी-शुगरसारख्या आजारांच्या नोंदी), सीबॅक (त्या आजारांच्या धोक्याची प्रश्नावली), ई-संजीवनी (ऑनलाइन डॉक्टरी सल्ला) हे सगळं सांभाळून वर कुटुंब संकटात किती तग धरेल तेही मोजायचं, असं हे प्रकरण. नाव घेत नाही, वापरणाऱ्यांना कळेलच.

लिहायला बसले ते चिडून. फॉलोअपच्या यादीतलं, काळजीचं म्हणून लाल दाखवलेलं एक घर परवा हिरवं होऊन यादीतून गेलं. आणि ते हिरवं व्हायचं काही कारणच नव्हतं.

ॲपमधला पहिला भाग डॉ. स्मिल्कस्टीनचा फॅमिली ॲपगार, म्हणजे घरच्यांच्या आधाराबद्दल माणूस किती समाधानी आहे ते मोजणारी प्रश्नावली, 1978 ची. पाच प्रश्न, प्रत्येकाला 0, 1 किंवा 2. बेरीज 7 ते 10 आली तर ठीक, 4 ते 6 मध्यम, 3 किंवा खाली म्हणजे काळजी. लेबर रूममध्ये नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे ॲपगार (तब्येतीचे गुण, तेही दहापैकी) मोजून आपली हयात गेली, त्यामुळे आकडे लगेच अंगवळणी पडले. दुसरा भाग सिक्स्बीबाईंच्या फ्रासचा, म्हणजे कुटुंब संकटात किती तग धरेल ते मोजणारा, 54 प्रश्नांचा. चुलीवर भाकरी टाकलेली बाई विसाव्या प्रश्नानंतर सगळ्याला 'हो हो' म्हणते. तो भाग मी मनावर घेणं सोडून दिलंय.

आता मुख्य दुखणं. ॲपमध्ये एका घराला एकच उत्तर. दुसऱ्या कुणी प्रश्न सोडवले की पहिल्याचं उत्तर पुसलं जातं. ना इशारा, ना जुनी नोंद.

आमचा भाग ऊसतोडीचा. दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, निघतात, घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. त्या लाल घरातल्या सुनेने पावसाळ्यात उत्तरं दिली, बेरीज आली 3. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) किती घ्यायची, पोरांना बरोबर न्यायचं की आजीजवळ ठेवायचं, हिला कुणी विचारत नाही. 'घरचे माझ्याशी बोलून ठरवतात' या प्रश्नाला तिने शून्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. नंतर ती ऊसतोडीला फडावर गेली. थंडीत आशाताई त्या घरी भेटीला गेल्या तेव्हा घरात सासू होती. सासूबाईंची बेरीज 9! ॲपने 3 पुसले, 9 लावले आणि वर हिरवा बाण दाखवून 'सुधारणा' असं लिहिलं.

मुळात ॲपगार विचारतो तो माणसाला, घराला नाही. 'मी समाधानी आहे' अशीच त्याची वाक्यं आहेत. सासूचे 9 आणि सुनेचे 3 शेजारी शेजारी दिसले तर त्या सहाच्या फरकातच माझं काम आहे. ॲप नेमका तोच फरक खातं.

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, ॲप काढून परत टाका. टाकलं, तर अख्ख्या वाडीच्या सर्व्हरवर न गेलेल्या (सिंक न झालेल्या) नोंदी उडाल्या. परत लिहिलं तर म्हणे, 'मॅडम, डिझाइनच तसं आहे,' आणि तिकीट बंद. ज्याने हे डिझाइन केलं तो एकत्र कुटुंबात एक आठवडा राहून यावा एवढीच इच्छा.

इथवर लिहून एक स्टार द्यायचं ठरवलं होतं. आशाताईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "मॅडम, ते कानातल्या आवाजाचं नाही लिहिलं?"

खरंय, ते लिहायला हवं. प्रश्न मराठीतून वाचून दाखवणारं बटण मला सुरुवातीला नखरा वाटलं होतं, कारण प्रश्न तर मीच वाचते. पण मी मोठ्याने वाचते तेव्हा सासू, जाऊ, दारातला दीर सगळे ऐकतात आणि सून 'सगळं चांगलंय' म्हणते. इअरफोन लावून टॅब तिच्या हातात दिला तर ती ऐकते, हसऱ्या किंवा रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवते, आणि शेजारी बसलेल्या सासूला पत्ता लागत नाही. वाचता न येणाऱ्या बायकांकडूनही खरी उत्तरं येतात. त्या सुनेचे 3 मला तसेच कळले होते. कागदाच्या फॉर्मवर ते कधी आले नसते.

तांड्यावर रेंज नसते तिथेही ॲप चालतं. बेरीज कमी आली की टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आपोआप समोर येतो, हेही बरं.

तर एकाचे तीन करते. तोवर ज्यांना वापरायचंय त्यांनी दुसऱ्याला प्रश्न विचारण्याआधी जुनी बेरीज आणि उत्तर कुणाचं होतं ते डायरीत उतरवून घ्यावं. डायरी कपाटात, कुलपात. आणि घर यादीतून गेलं तरी भेट चालू ठेवावी. ती सून पाडव्याच्या सुमारास परतेल, तेव्हा मी जाणार आहे.

चौथा स्टार दुसऱ्या उत्तराला जागा मिळाली की देईन. पाचव्यासाठी इअरफोनचे पैसे परत पाहिजेत, ते मी स्वतःच्या पगारातून घेतलेत आणि त्याची एक बाजू आत्ताच बंद पडलीय.