डायनामोचा डायोड गेलाय: एक डायोड, अख्खी प्लेट, रिकंडिशन की नवाच?

चुलतभावाच्या पिकअपची बॅटरी दीड वर्षात दोनदा बदलून झाली. रात्री गाडी लावली की सकाळी सेल्फ नुसता टक् टक् करायचा, बॅटरीवाला म्हणायचा बॅटरी बसली, नवीन टाका, आणि आम्ही टाकली पण. चार महिन्यांनी परत तेच. शेवटी एका जुन्या वायरमनकाकांनी गाडी बंद, किल्ली खिशात, अशा अवस्थेत अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणारा, आपला डायनामोच) मागच्या बेअरिंगपाशी स्क्रूड्रायव्हर नेला तर तो चिकटला! म्हणजे आत फिरणाऱ्या रोटरच्या कॉईलला रात्रभर करंट जात होता, लोहचुंबक चालूच. पॉझिटिव्ह बाजूचा एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शॉर्ट होता. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा किल्ली बंद असताना मंद जळायचा, तो दिसत होता सगळ्यांना, पण कोणी मनावर घेतलं नाही.

त्यानंतर घरातल्या, मित्रांच्या चार-पाच गाड्यांचे डायनामो (अल्टरनेटर म्हणा, पण बोर्डावर अजून 'सेल्फ डायनामो रिपेअरिंग'च लिहितात) उघडताना बघितले, आणि दर वेळी प्रश्न एकच, काय करायचं? रस्ते चार आहेत: फक्त गेलेला डायोड बदला, सगळे डायोड बसवलेली अख्खी डायोड प्लेट बदला, तुमचा देऊन रिकंडिशन (दुरुस्त करून ठेवलेला जुना) घ्या, नाहीतर नवा.

पण आधी डायोडच गेलाय का ते घरी बघा, कारण दुकानात गेल्यावर ज्याच्याकडे जे विकायला असतं तेच गेलेलं निघतं. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ यायला पाहिजे. इथंच लोक फसतात. एक डायोड उघडा पडला (आतून तुटला, करंटच जात नाही) तरी बिनालोडचा व्होल्टेज १४ येऊ शकतो, मेकॅनिक म्हणतो चार्जिंग ओके. म्हणून हेडलाईट अप्पर, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही, सगळं लावून इंजिन २००० आरपीएमच्या आसपास ठेवा, आता व्होल्टेज १३ च्या खाली घसरत असेल तर माल कमी पडतोय. रेडिओत इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी कुईं, किंवा अल्टरनेटरचा घरघराट, ह्या पण खुणा.

पक्की खूण म्हणजे रिपल. आत तीन फेजचा एसी तयार होतो, सहा मुख्य डायोड त्याचा डीसी करतात, (बऱ्याच जुन्या मशीनला फिल्डसाठी, म्हणजे रोटरच्या कॉईलसाठी, आणखी तीन छोटे असतात). एक जरी गेला तरी एसी डीसीत मिसळून बाहेर येतो, तोच रिपल. मीटर एसीवर ठेवून चालू गाडीत बॅटरीवर लावा, चांगल्या मशीनला ०.१ व्होल्टच्या आत असतं, ०.५ च्या वर गेलं की प्लेटीवर संशय घ्या. फक्त तो स्वस्तातला पिवळा मीटर वापरू नका हो. त्याची सगळ्यात लहान एसी रेंज २०० व्होल्टची, आणि आत डीसी अडवणारा कपॅसिटर नसतो, त्यामुळं बॅटरीवर एसी मोडला तो २५-३० दाखवतो नाहीतर वायरी उलट केल्या की शून्य. एका मित्राने तो आकडा बघून चांगला अल्टरनेटर खोलला होता! थोडा बरा मीटर मागून आणा.

बीएस६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंग ईसीयू (गाडीतला कॉम्प्युटर) ठरवतो, तिथं व्होल्टेज १२.५ ते १५ च्या मध्ये हवा तसा फिरतो, १४ नाही आला म्हणून घाबरू नका, रिपलच बघा.

आता पर्याय. एकच डायोड बदलणं सगळ्यात स्वस्त, पण माझ्या मते हे जुन्या ट्रॅक्टर-ट्रकच्या मोठ्या डायनामोलाच शोभतं, जिथं डायोड सुटे मिळतात. डायोड प्रेसने, खालून नीट आधार देऊन बसवायचा असतो, हातोडीने ठोकला की आतली सिलिकॉनची चकती तडकते, आणि तो त्या दिवशी चालतो, महिन्याने जातो. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह डायोड दिसायला सारखेच, उलटा बसला की शॉर्ट. शिवाय एक उष्णतेने गेला असेल तर बाकीच्या पाचांनी तीच उष्णता खाल्लेली असते ना. मालवाहू गाडी आडरानात बंद पडण्याचा खर्च धरला तर ही बचत महागात जाते.

अख्खी प्लेट हा माझा आवडता रस्ता, पण मशीन उघडून स्टेटर (रोटरभोवतीची स्थिर कॉईल, जिच्यात एसी तयार होतो) बघितल्याशिवाय हो म्हणू नका. स्टेटरच्या वायरी प्लेटीपासून सोडवून मग मीटरच्या डायोड मोडवर एकेक डायोड तपासायचा: एका बाजूने ०.४ ते ०.७, उलट्या बाजूने काहीच नाही. दोन्हीकडून आकडा म्हणजे शॉर्ट, दोन्हीकडून काही नाही म्हणजे उघडा. वायरी न सोडवता तपासलं तर कॉईलमधून आकडे येतात आणि एक वाईट असला तरी तीन वाईट दिसतात. मग स्टेटर: कॉईल तांबूस चकचकीत आहे का काळी पडून जळका वास येतोय? बॉडीशी कंटिन्युटी नको. रोटरच्या दोन रिंगांमध्ये १२ व्होल्टच्या मशीनला साधारण २ ते ५ ओहम यावेत. हे सगळं ठीक असेल तर प्लेट टाका, आणि उघडलंच आहे तर कार्बन (रिंगांवर घासणारे ब्रश), दोन्ही बेअरिंगं पण टाका, एवढ्यासाठी परत मजुरी कोण देणार. अर्ध्या दिवसाचं काम, आणि तुमचाच मूळ स्टेटर-रोटर गाडीत राहतो.

रिकंडिशन वेळेच्या बाबतीत सगळ्यांना हरवतो, जुना द्या, तयार घ्या, तासाभरात रस्त्यावर. पण आत काय घातलंय ते तुम्ही बघितलेलं नसतं. बाहेरून सिल्व्हर रंग मारला की सगळेच नवे दिसतात. दुकानदार ओळखीचा असेल, बेंचवर लोड देऊन तुमच्यासमोर चालवून दाखवत असेल, सहा महिन्यांची गॅरंटी बिलावर लिहून देत असेल तर घ्या, तोंडी गॅरंटीवर नको. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणचा भंगारातला मूळ कंपनीचा डायनामोही मिळतो, तो घेताना अँपिअर आणि पुलीची मापं जुळवा, ९० अँपिअरच्या जागी ६५ चा लावला तर पावसात वायपर-हेडलाईट-ब्लोअर एकदम चालू केल्यावर कळतं.

नवा कधी? स्टेटर जळलाय, किंवा रोटरच्या रिंगा झिजून खोबण पडलीय, किंवा ईसीयूवाली गाडी आहे जिचा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) आपल्या गावच्या वायरमनकडे तपासायची सोय नाही. माझा हिशोब असा की प्लेट, कार्बन, बेअरिंग, मजुरी मिळून नव्याच्या अर्ध्याच्या पुढं जात असेल तर नवा बघायचा, त्याच्या बराच खाली असेल तर दुरुस्ती. नव्यात पण लुकास टीव्हीएस, बॉश, व्हॅलिओ असे माहितीतले घ्या, बिनानावाच्या डब्यातला "नवा" म्हणजे कित्येकदा रंगवलेला रिकंडिशनच.

काहीही करा, डायोड का गेला ते विचारा. चालू इंजिनवर बॅटरीची टर्मिनल काढून "डायनामो चार्ज करतोय का" बघायची जी सवय आहे ना, त्यात व्होल्टेज उसळून डायोड आणि रेग्युलेटर दोन्ही जातात. उलटे जंपर लावले, टर्मिनल न काढता चेसिसला वेल्डिंग केलं, वरून ऑईल गळतंय, ही बाकीची कारणं. आणि पूर्ण बसलेली बॅटरी नव्या प्लेटीवर चार्ज करायला सोडू नका, तासन्‌तास फुल करंट ओढते आणि प्लेट तापते. भावाने आधी बॅटरी चार्जरवर रात्रभर लावली, मग मशीन चढवलं, आणि गाडी दुकानातून हलवण्याआधी तिथंच रिपल मोजला: ०.०४.